बारकोड छापला, पण गन वाचत नाही: घरगुती लेबलांचा नेहमीचा बिघाड आणि तो शोधायचा क्रम

लालबागचे मसालेवाले, दादरचे साडीचे गाळे, सोसायटीची वाचनालयं, दिवाळीत फराळाचे डबे विकणारे बचत गट, सगळ्यांची तक्रार एकच: "गन वाचत नाही." (गन म्हणजे काउंटरवर बारकोड वाचणारा हातातला स्कॅनर.) लगेच पुढचा प्रश्नही ठरलेला, "नवी घेऊ का?" इतक्यात घेऊ नका. गन बिघडलेली असते तेव्हा ती बहुधा बाजारातले पुडेही वाचत नाही. तुमचीच लेबलं तेवढी वाचत नसेल, तर दोष प्रोग्रामपासून कागदापर्यंतच्या वाटेत कुठेतरी आहे, आणि तो शोधायला बरेचदा एक पैसाही लागत नाही.

आधी लक्षण पकडा

"चालत नाही" एवढ्याने काही कळत नाही. यातलं नेमकं काय होतंय ते बघा:

– लाल उजेड पडतो, पण बीप कशावरच नाही.
– विकतच्या पुड्यावर बीप, आपल्या लेबलवर नाही.
– एकाच रोलमधली काही लेबलं लागतात, काही नाहीत. किंवा चार वेळा धरल्यावर एकदा लागतं.
– बीप होतो, पण पडद्यावर भलताच आकडा किंवा चक्क काना-मात्रा उमटतात.
– बीप होतो, आकडा बरोबर येतो, पण बिलिंग म्हणतं आयटम नाही.
– हळद आणि धणे दोन्ही स्कॅन केले तरी बिलात हळदच.
– छापलं तेव्हा चाललं, आता तेच लेबल चालत नाही.

बीप झाला म्हणजे गनचं काम संपलं. तिने पट्ट्या वाचल्या, हिशेब जुळवला आणि आकडा पुढे पाठवला. मग दोष कीबोर्ड, एक्सेल किंवा बिलिंगमध्ये शोधायचा, लेबलाला हात लावायचा नाही. विकतच्या पुड्यावर बीप होतो आणि आपल्या लेबलवर नाही, तर दोष कागदावर आहे, सॉफ्टवेअरवाल्याला फोन करून उपयोग नाही. ही एक फोड केली की निम्मी धावपळ वाचते.

आणखी एक गैरसमज आधीच काढून टाकू. बारकोडमध्ये सहसा किंमत नसते, एमआरपी नसते, मालाचं नावही नसतं. असतो फक्त एक क्रमांक. किंमत तुमच्या आयटम मास्टरमध्ये, म्हणजे बिलिंगमधल्या मालाच्या यादीत असते. म्हणून "रेट बदलला, आता बारकोड नवा काढावा लागेल का?" याचं उत्तर नाही असं आहे.

नोटपॅड आणि बिस्किटाचा पुडा

बिलिंग बंद करा, नोटपॅड उघडा, कुठलाही कंपनीचा पुडा स्कॅन करा. काउंटरवरची साधी यूएसबी गन संगणकाला कीबोर्ड म्हणूनच दिसते. ती आकडे "टाइप" करते आणि शेवटी एंटर दाबते. त्यामुळे कीबोर्डची भाषा मराठीवर राहिली असेल तर गनही मराठीत टाइप करते. दुपारी कोणीतरी व्हॉट्सॲप वेबवर मराठीत उत्तर दिलं, भाषा तशीच ठेवली आणि संध्याकाळच्या गर्दीत काउंटर अडला, हा प्रकार मुंबईत जितका दिसतो तितका कुठल्याच माहितीपुस्तिकेत नसतो. विंडोजची कळ आणि स्पेसबार एकत्र दाबा, भाषा इंग्रजीवर आणा. कोडमध्ये अक्षरं असतील तर कॅप्स लॉकही बघा.

आकडा नीट येतो पण कर्सर पुढच्या ओळीवर जात नाही? गनची एंटरची सेटिंग उडाली आहे. गनसोबत आलेल्या पुस्तिकेत त्यासाठीचा एक बारकोड असतो, तो स्कॅन केला की झालं. ती पुस्तिका खोक्याबरोबर रद्दीत देऊ नका.

क्रॉफर्ड मार्केटहून आणलेल्या परदेशी चॉकलेटांचं एक वेगळंच असतं. अमेरिकी मालावर यूपीसी हा तिकडचा १२ अंकी बारकोड असतो. त्याच्याच सुरुवातीला शून्य लावलं की तो १३ अंकी ईएएन, म्हणजे आपल्याकडच्या पुड्यांवरचा नेहमीचा बारकोड होतो. काही गन ते शून्य पाठवतात, काही गाळतात. मास्टरमध्ये एक रूप आणि गनकडून दुसरं आलं की "आयटम नाही". नोटपॅडमध्ये जे उमटतं तेच मास्टरमध्ये ठेवा.

गनच्या काचेवर हळद-मिरचीची पूड बसली असेल तर मऊ कोरड्या कपड्याने पुसा. मसाल्याच्या दुकानात हे रोजचं काम समजा.

आता मोबाइल

आपलं न लागणारं लेबल मोबाइलच्या स्कॅनर ॲपने वाचून बघा. मोबाइल वाचतो आणि गन वाचत नाही, असं असेल तर पहिला संशय रंगावर घ्या.

काउंटरवरच्या बहुतेक गन लाल उजेड टाकतात आणि परत किती येतो ते मोजतात. लाल किंवा केशरी रंगात छापलेली पट्टी लाल उजेडात जवळपास पांढऱ्या कागदाइतकीच उजळ दिसते. तुम्हाला सुंदर कुंकवाच्या रंगाचा बारकोड दिसतो, गनला कोरा कागद. मोबाइलचा कॅमेरा सगळे रंग बघतो, म्हणून तो फसत नाही. काळ्या, गडद निळ्या, गडद हिरव्या पट्ट्या चालतात. पार्श्वभूमी पांढरी, पिवळी, अगदी लालसुद्धा चालते. काळ्या पाकिटावर पांढऱ्या पट्ट्या मात्र अनेक गन मुळातच नाकारतात. डिझायनर मंडळींना हे पटवणं अवघड जातं, पण लाल उजेडाची टॉर्च असेल तर दाखवा, वाद मिटतो.

चकचकीत लॅमिनेशनवर गन अगदी सरळ धरली की उजेड आरशासारखा परततो. थोडी तिरकी धरा. लोणच्याच्या बारीक बाटलीवर पट्ट्या उभ्या छापल्या तर कडेच्या पट्ट्या वळणाआड जातात. तिथे बारकोड ९० अंशांत फिरवा, म्हणजे पट्ट्या शिडीच्या पायऱ्यांसारख्या आडव्या येतील.

मोजपट्टी: दोन्ही बाजूंची कोरी जागा

हे फुकटात तपासता येतं आणि सर्वात जास्त वेळा चुकलेलंही हेच सापडतं. बारकोड कुठे सुरू झाला हे गनला कळतं ते आधीच्या कोऱ्या पट्ट्यामुळे. ईएएन-१३ मध्ये सर्वात बारीक रेघेच्या ११ पट जागा डावीकडे आणि ७ पट उजवीकडे रिकामी हवी. रेघ ०.३३ मिमीची असेल तर डावीकडे साधारण साडेतीन मिलिमीटर आणि उजवीकडे सव्वादोन. त्या जागेत चौकट आली, "शुद्ध शाकाहारी"चा हिरवा ठिपका आला, लेबलची कापलेली कड आली, की गनच्या दृष्टीने तीही एक पट्टीच. चौकट काढली आणि बारकोड लागला, असं बघायची सवय होऊन जाते.

क्रमांकच चुकला असेल तर

ईएएन-१३ चा शेवटचा अंक मनाने लिहायचा नसतो. तो आधीच्या बारा अंकांवरून काढायचा. डावीकडून पहिला, तिसरा, पाचवा असे विषम जागांवरचे अंक तसेच मिळवा. सम जागांवरच्या अंकांची बेरीज तिप्पट करा. दोन्ही मिळवून पुढच्या दहाच्या पटीला किती कमी पडतात ते बघा. २०००००००१२३४ घ्या. विषम जागांची बेरीज २+१+३ म्हणजे ६, सम जागांची २+४ म्हणजे ६, तिप्पट १८. एकूण २४. तीसला ६ कमी. पूर्ण क्रमांक २०००००००१२३४६. हा अंक जुळला नाही तर गन बीप करत नाही.

स्वतः प्रोग्राम लिहिणाऱ्यांचा इथे एक ठरलेला घोळ असतो. वरच्याच बारा अंकांचा शेवट १२३४ ऐवजी १२३६ करा: बेरीज ३० येते. दहातून बाकी वजा करणारा प्रोग्राम इथे १० असं उत्तर देतो आणि क्रमांक १४ अंकी होतो. हवं असतं शून्य. म्हणून वजाबाकीनंतर पुन्हा एकदा दहाने भागून बाकी घ्यावी लागते. लक्षणावरूनच हे ओळखता येतं: सगळी लेबलं चालतात, साधारण दहातलं एक रुसतं, आणि त्या लेबलाचा रोलशी काही संबंध नसतो.

दुसरा घोळ एक्सेलचा. तेरा अंकी क्रमांक साध्या रकान्यात टाकला की तो ८.९०१२३ई+१२ असा दिसू लागतो. तशीच सीएसव्ही (साध्या मजकुराची फाइल) केली की शेवटचे अंक गेले, आणि सगळ्या मालाचा क्रमांक ८९०१२३००००००० होऊन बसतो. हळद आणि धणे बिलात एक होतात ते यामुळे. क्रमांक टाकायच्या आधी रकाना टेक्स्ट करा. प्रोग्राममध्येही क्रमांक संख्या म्हणून ठेवू नका, अक्षरमाला म्हणून ठेवा, नाहीतर सुरुवातीची शून्यं गळतात.

पायथनच्या तयार लायब्ररी वापरत असाल तर तिला बारा अंक द्यायचे की तेरा ते बघून घ्या. काही लायब्ररी तुमचा तेरावा अंक गुपचूप टाकून देतात आणि स्वतःचा लावतात. मग लेबल लागतं, पण मास्टरमधल्या क्रमांकाशी जुळत नाही.

बारकोडचे फुकट फॉन्ट हा आणखी एक सापळा. कोड ३९ या प्रकारच्या बारकोडच्या फॉन्टमध्ये मजकुराच्या आधी आणि नंतर तारांकन टाकावंच लागतं, ती त्याची सुरुवात-शेवटाची खूण आहे. कोड १२८ या दुसऱ्या प्रकारच्या फॉन्टमध्ये नुसता मजकूर टाइप करून काही होत नाही. सुरुवातीचं चिन्ह, तपासणीचं चिन्ह आणि शेवटचं चिन्ह गणित करून घालावं लागतं. दिसायला बारकोड दिसतो, पण गनला त्यातून काही मिळत नाही.

प्रोग्राम काय काढतोय

पट्ट्या स्वतःच्या प्रोग्रामने काढत असाल तर छापण्याआधी शून्य-एकची ओळ तयार करा (काळ्या घराला एक, पांढऱ्याला शून्य; घर म्हणजे सर्वात बारीक रेघेएवढी जागा) आणि तिची लांबी मोजा. ईएएन-१३ मध्ये ती ९५ च भरली पाहिजे. सुरुवातीला १०१, मग सहा अंकांची प्रत्येकी ७ घरं, मधे ०१०१०, पुन्हा सहा अंक, शेवटी १०१. तीन, बेचाळीस, पाच, बेचाळीस, तीन. ९४ किंवा ९६ आली तर पुढे जाऊच नका.

पण आत अंक फक्त बारा बसले. तेरावा कुठे गेला? पहिला अंक पट्ट्यांत काढतच नाहीत. डावीकडच्या सहा अंकांना प्रत्येकी दोन रूपं असतात, आणि कोणत्या जागी कोणतं रूप वापरलं यावरून पहिला अंक ओळखला जातो. पहिलं आणि दुसरं रूप म्हणू. सुरुवात २ ने होत असेल तर क्रम पहिलं, पहिलं, दुसरं, दुसरं, पहिलं, दुसरं. सुरुवात ८ ने असेल तर पहिलं, दुसरं, पहिलं, दुसरं, दुसरं, पहिलं. उजवीकडचं रूप म्हणजे पहिल्या रूपातल्या शून्य-एकची अदलाबदल, आणि दुसरं रूप म्हणजे उजवीकडचंच उलट्या क्रमाने. दहा अंकांचं पहिलं रूप तेवढं तक्त्यात लिहा, बाकीची दोन प्रोग्रामला काढू द्या. तीस नमुने हाताने टाइप करताना एखादा बिट चुकतोच, आणि मग "सात असलेली लेबलं लागत नाहीत" असली लक्षणं येतात.

मूळ दुखणं: पट्टीची जाडी

वरचं सगळं बरोबर निघालं तर आता इथे थांबून वेळ द्या, कारण हट्टी बिघाड इथेच असतो.

गनला मिलिमीटर कळत नाहीत. ती जाडीची तुलना करते. ईएएनमधला प्रत्येक अंक म्हणजे दोन काळ्या पट्ट्या आणि दोन पांढऱ्या, मिळून ७ घरं, आणि एकेक पट्टी १ ते ४ घरं जाड. म्हणून अख्खा बारकोड मोठा-लहान केला तरी चालतो, पण प्रत्येक पट्टी त्याच प्रमाणात मोठी-लहान झाली तरच. प्रिंटर नेमकं इथेच दगा देतो.

दुकानातला साधा लेबल प्रिंटर २०३ डीपीआयचा असतो, म्हणजे एका इंचाला २०३, एका मिलिमीटरला ८ ठिपके, एक ठिपका ०.१२५ मिमी. ईएएनच्या प्रमाण आकारात बारीक रेघ ०.३३ मिमी. भागाकार करा: २.६४ ठिपके. अर्धा ठिपका छापता येत नाही. मग प्रिंटर एक रेघ २ ठिपक्यांची काढतो, दुसरी ३ ची. एकच जाडी अपेक्षित असताना दीडपट फरक पडला. डोळ्याला दिसत नाही, गन मात्र अडते.

म्हणून मिलिमीटरमध्ये आकार देऊ नका, ठिपक्यांत द्या. ईएएनची पूर्ण रुंदी कोऱ्या जागेसकट ११३ घरं. एका घराला ३ ठिपके दिले तर ३३९ ठिपके, म्हणजे साधारण ४२.४ मिमी. ५० बाय २५ च्या लेबलवर आरामात बसतं. ३८ मिमीच्या लेबलवर बसत नाही, आणि लोक नेमके तिथे "फिट टू पेज" दाबतात. २ ठिपक्यांत २८ मिमी होतं, पण मग रेघ ०.२५ मिमी, आणि प्रमाणात किमान ०.२६४ सांगितली आहे. आपल्या काउंटरवर चालेल, बाहेर माल द्यायचा असेल तर नाही. ३०० डीपीआयच्या प्रिंटरवर ४ ठिपके ०.३४ मिमी होतात, प्रमाणाच्या अगदी जवळ.

लेबल लहानच हवं असेल तर माझं मत स्पष्ट आहे: आतल्या वापरासाठी ईएएनचा हट्ट सोडा. कोड १२८ मध्ये सहा अंकी क्रमांक घ्या. तो दोन-दोन अंक एकत्र बांधतो, त्यामुळे कोऱ्या जागेसकट ८८ घरांत संपतो. ३ ठिपक्यांनी छापला तरी ३३ मिमी. ३८ च्या लेबलवर बसतो आणि जाड रेघांमुळे स्वस्तातली गनही पटकन वाचते. वाचनालयाच्या पुस्तकांना, साड्यांना, दागिन्यांच्या डब्यांना हेच पुरे.

ए-४ च्या स्टिकर शीटवर लेझर प्रिंटरने छापणाऱ्यांनी प्रिंटच्या खिडकीत स्केल १०० टक्के ठेवावं. चित्र जेपीजी नको, त्यात पट्ट्यांच्या कडा धूसर होतात. पीएनजी किंवा एसव्हीजी घ्या. आणि प्रेसवाल्याला बारकोडचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवू नका. तिथे चित्र दाबून लहान होतं, मग डिझायनर ते ओढून मोठं करतो. पाठवायचंच तर डॉक्युमेंट म्हणून मूळ फाइल पाठवा.

प्रिंटर, शाई आणि मुंबईची हवा

प्रिंट फिकट वाटली की डार्कनेस वाढवायची सगळ्यांना सवय असते. जास्त उष्णतेने काळी पट्टी पसरते आणि मधली पांढरी खाल्ली जाते. ईएएनमध्ये १ आणि ७, तसंच २ आणि ८ या जोड्यांमधला फरक गनला फक्त काळ्या पट्टीच्या जाडीवरून ओळखावा लागतो, म्हणून पसरलेल्या शाईला हे अंक सर्वात आधी बळी पडतात. डार्कनेस एकेक पायरी कमी करा, वेग कमी करा. इंकजेटवर साध्या कागदाचं लेबल छापत असाल तर जुलैच्या दमट हवेत शाई आणखी पसरते. पावसाळ्यात तो नाद सोडा.

लेबलवर आरपार पांढरी रेघ दिसते का? प्रिंटर बंद करा, हेड (ठिपके उमटवणारा भाग) गार होऊ द्या, आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या बोळ्याने हलक्या हाताने पुसा. तरी रेघ राहिली तर हेडचा तो ठिपका गेला. नवं हेड महाग असतं. तोवर बारकोड लेबलवर ९० अंशांत फिरवा: आधी ती रेघ एखादी अख्खी बारीक पट्टी गिळत होती, आता सगळ्या पट्ट्यांवरून आडवी जाईल आणि गन तिच्या वर-खाली वाचेल.

छापलेलं लेबल महिन्या-दोन महिन्यांत उडत असेल तर त्यावर नख ओढा. काळी खूण उमटली तर तो थर्मल, म्हणजे उष्णतेने काळा होणारा कागद आहे. ऊन, तेल आणि प्लॅस्टिकचं वेष्टण यांनी तो फिका पडतो, आणि पत्र्याखालच्या माळ्यावर ठेवलेला रोल तर छापण्याआधीच करडा होतो. मसाला-फराळासाठी क्रोमो (गुळगुळीत कागदाचं) लेबल आणि त्यावर छापायची शाईची रिबन घ्या.

इथे थांबा आणि माणूस बोलवा

हेड साफ करूनही रेघ गेली नाही, किंवा बाजारातले पुडेही गन वाचत नाही आणि पुस्तिकेतला फॅक्टरी रिसेट करूनही फरक नाही, तर सर्व्हिसवाल्याला बोलवा. लेझर गन उघडून आत डोकावू नका.

माल सुपरमार्केटात किंवा ऑनलाइन विकायला चाललाय, तर घरगुती क्रमांक तिथेच संपतो. २०० ते २९९ ने सुरू होणारे क्रमांक दुकानाच्या आतल्या वापरासाठी राखून ठेवले आहेत, तिथे हवं ते करा. ८९० ने सुरू होणारा क्रमांक मात्र जीएस१ इंडिया या क्रमांक वाटणाऱ्या संस्थेकडे नोंदणी करूनच मिळतो. मनाने ८९० लावला तर तो उद्या दुसऱ्या कोणाचातरी निघेल.

हजारो पाऊच छापायला सिलिंडर कोरून घेणार असाल, तर त्याआधी व्हेरिफायरवर तपासणी करून घ्या. हे यंत्र आयएसओ १५४१६ प्रमाणे ए ते एफ ग्रेड देतं. सी किंवा वर असेल तरच पुढे जा. मोबाइलने वाचलं हा पुरावा धरू नका. प्रेसवाल्याला सांगा की पट्ट्या छपाईच्या दिशेला समांतर ठेव. बारकोड शोधणाऱ्या वुडलंड आणि सिल्व्हर यांच्या १९५२ च्या पेटंटमध्ये गोल चकत्यांचाही बारकोड होता. पण छापताना शाई ओढली गेली की गोल बिघडतो. सरळ पट्टी त्याच दिशेने ओढली गेली तर फक्त लांब होते, जाड होत नाही. आयबीएमच्या जॉर्ज लॉरर यांच्या आराखड्यात म्हणूनच सरळ पट्ट्या आल्या, आणि २६ जून १९७४ ला ओहायोतल्या ट्रॉय गावच्या दुकानात च्युइंगमचं पाकीट स्कॅन झालं ते याच पट्ट्यांनी.

तंत्रज्ञाला बोलवताना समोर ठेवायच्या वस्तू: दोन न लागणारी लेबलं, एक लागणारं, लेबलचा आकार, प्रिंटर किती डीपीआयचा ते, आणि मूळ फाइल. लेबलाचा फोटो नको, लेबलच ठेवा.